झुकणाऱ्या गाडीला न झुकणारा टायर

होंडाची गोल्ड विंग ही मोटारसायकल म्हणजे अवाढव्य प्रकरण आहे. सहा सिलिंडरचं 1832 सीसीचं इंजिन, वजन चारशे किलोच्या घरात. 2001 ते 2017 या काळातल्या गोल्ड विंगच्या मागच्या टायरवर आकडे असतात : 180/60 आर 16. म्हणजे टायरची रुंदी 180 मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या 60 टक्के आणि रिम 16 इंची. हिशेब केला तर टायरचा पूर्ण व्यास येतो 622.4 मिलिमीटर. आता आपल्या बलेनोच्या वरच्या मॉडेलला येणारा 195/55 आर 16 घ्या. त्याचा व्यास 620.9. फरक फक्त दीड मिलिमीटरचा!

हा योगायोग अमेरिकेतल्या काही गोल्ड विंगवाल्यांच्या नजरेतून सुटला नाही. त्यांनी मागच्या चाकावर सरळ कारचा टायर चढवला. ट्रायम्फ रॉकेट आणि होंडा व्हॅल्किरीवालेही त्यात सामील झाले. ही मंडळी स्वतःला ‘डार्कसायडर’ म्हणवतात. ‘स्टार वॉर्स’मधल्या वाममार्गाला लागलेल्यांचं नाव त्यांनी स्वखुशीनं घेतलंय.

कारण पहिलं, पैसा. सरळसोट हायवेवर शेकडो मैल तुडवले की मोटारसायकलचा गोल टायर मधोमध झिजून सपाट होतो, कडा मात्र कोऱ्याच राहतात. पंधरा-वीस हजार किलोमीटरांत तो गोटा होतो, तर कारचा टायर चाळीस-पन्नास हजार सहज काढतो. तिकडे 24 तासांत 1000 मैल कापून प्रमाणपत्र मिळवणाऱ्यांची एक संघटनाच आहे, ‘आयर्न बट असोसिएशन’. अशा माणसाला दर मोसमात नवा टायर परवडत नाही. शिवाय वजन पेलायचं बळ बघा. गोल्ड विंगच्या मूळ टायरवरचा भारांक 74, म्हणजे 375 किलो. त्या कारच्या टायरचा 87, म्हणजे 545 किलो. त्यातून रनफ्लॅट जातीचा घेतला, तर हवा गेली तरी गॅरेजपर्यंत पोचवतो.

इथपर्यंत सगळा व्यवहार झाला. खरी गंमत वळणावर आहे.

एक निमुळता पेला फरशीवर आडवा ठेवून ढकला. तो सरळ जात नाही, गोल फिरतो, कारण त्याच्या एका टोकाचा घेर मोठा, दुसऱ्याचा लहान. झुकलेली मोटारसायकल नेमकं हेच करते. टायरचा छेद गोल असल्यामुळे गाडी झुकली की रस्त्याला टेकलेला भाग पेल्यासारखा निमुळता होतो आणि चाक आपसूक वळणाच्या आत ओढलं जातं. किती झुकायचं हे वेग आणि वळणाची त्रिज्या ठरवतात. ताशी 90 किलोमीटरनं 110 मीटर त्रिज्येचं वळण घ्या, गाडी सुमारे 30 अंश झुकलेली असणार. यातून कुणाची सुटका नाही.

कारचा टायर मात्र उभा राहायलाच जन्मलेला. त्याचा तळ सपाट, खांदे चौकोनी. कार वळते ती वेगळ्या युक्तीनं : चाकाचं तोंड एकीकडे, गाडीची चाल किंचित दुसरीकडे, आणि त्या छोट्याशा कोनात रबर पिळवटून जी ओढ देतं तिच्यावर. मग 30 अंश झुकल्यावर हा टायर कडेवर उभा राहून घसरायला हवा, नाही का? निदान कागदावर तरी तसंच वाटतं.

काहींनी गाडीखाली कॅमेरा बांधून पाहिलं. वळणात रिम झुकते, आतल्या बाजूची भिंत दबते आणि टायरचा तळ रस्त्याला चिकटून राहायची धडपड करतो. सगळा नाही, आतल्या बाजूचा बराचसा पट्टा. म्हणजे मोटारसायकलचा टायर आकारानं झुकतो, तर कारचा टायर अंग मुरडून. हे पाहून मी तरी थक्क झालो.

मुरडायची किंमत मात्र हँडलवर वसूल होते. डावीकडे झुकलात की सपाट टायरचा टेकलेला भाग डाव्या कडेकडे सरकतो, आणि जमिनीचा रेटा तिथून गाडीला पुन्हा उभं करू पाहतो. म्हणून वळण संपेपर्यंत डावं हँडल पुढे दाबून धरावं लागतं. रस्त्यावर चाकोरी पडलेली असली की मागचं चाक तिच्यामागे जाऊ बघतं. हवेचाही खेळ होऊन बसतो. होंडा मागच्या चाकात 41 पीएसआय सांगते. डार्कसायडर त्याखाली उतरून आपापला आकडा शोधत बसतात, कारण हवा कमी केली की भिंत जास्त मुरडते, पण तितकी तापतेही.

आणि सगळ्यात नाजूक जागा डोळ्यांना दिसतच नाही. टायरची कड रिमच्या ज्या खाचेत बसते, ती कारच्या आणि मोटारसायकलच्या रिमला सारखी नसते. 195/55 च्या टायरला किमान साडेपाच इंच रुंद रिम लागते, गोल्ड विंगची आहे पाच. कड बसवताना 40 पीएसआयच्या वर हवा भरू नका, असं अमेरिकेतल्या कारच्या टायरवर छापलेलं असतं, आणि परक्या रिमवर ती कड हट्टानं बसतच नाही. मग माणूस आणखी हवा भरतो. टायर फुटण्याचा धोका तिथे आहे. टायर कंपन्या या उद्योगाला एकमुखानं नाही म्हणतात, ते उगाच नव्हे.

जी गाडी झुकतच नाही, तिची गोष्ट वेगळी. साइडकार जोडलेल्या गाड्यांना आणि तीनचाकी ट्राइकना कारचे टायर खुशाल बसवतात.

आपल्या रोजच्या मोटारसायकलींना हा मोह परवडणाराच नाही, त्यांच्या 17-18 इंची अरुंद रिमवर कारचा टायर बसूच शकत नाही. गोल्ड विंग असती तरी माझं मत बदललं नसतं. युक्ती विलक्षण आहे, अमेरिकेच्या सरळ हायवेवर ती बहुतेक वेळा निभावतेही. पण ज्या टायरची कड रिमवर नीट बसल्याची खात्री कुणी देत नाही, त्याच्यावर मागे माणूस बसवून मी घाट उतरणार नाही.