इमेज आजची, आतली पॅकेजं कधीची?

कंटेनरची इमेज आज सकाळी बांधली म्हणजे तिच्यातलं सगळं आज सकाळचं, असं अनेक टीम धरून चालतात. बिल्डची तारीख आजची असते, पाइपलाइन हिरवी असते, आणि तरी आतलं ओपनएसएसएल कित्येक महिने जुनं निघू शकतं. इथे डॉकर बिघडलेला नसतो. त्याचा कॅश नेमकं काय तपासतो, याबद्दल आपली समजूत चुकलेली असते. अशा चुकीची झळ शेवटी वापरणाऱ्या लोकांच्या माहितीला लागते, म्हणून या समजुती नीट तपासायला हव्यात.

सगळ्यात खोलवर रुजलेला समज असा: डॉकरफाइलमध्ये ‘एप्ट-गेट अपडेट’ लिहिलंय, म्हणजे दर बिल्डला नवी पॅकेजं येतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. ‘रन’चा जुना लेयर वापरायचा की नवा बांधायचा हे ठरवताना बिल्डर मुख्यतः दोन गोष्टी पाहतो. आधीचे लेयर तेच आहेत का, आणि कमांडचा मजकूर तोच आहे का? डेबियनच्या सर्व्हरवर काल कोणता सुरक्षा-पॅच आला, हे तो विचारतच नाही. ओळ बदलली नाही, तर महिन्यापूर्वीचा लेयर जसाच्या तसा पुढे येतो. ‘एप्ट-गेट अपग्रेड’लाही हेच लागू.

अपडेट एका ‘रन’मध्ये आणि इन्स्टॉल दुसऱ्यात लिहिलं, तर अडचण आणखी वाढते. समजा, इन्स्टॉलच्या ओळीत एक पॅकेज वाढवलं. ती ओळ नव्यानं चालते, पण पॅकेजांची यादी मात्र जुन्या लेयरमधली. गेल्या वर्षीचं वेळापत्रक हातात घेऊन स्टेशन गाठावं, तसं हे. यादीतली आवृत्ती सर्व्हरवरून केव्हाच गेलेली असते आणि बिल्ड ४०४ देऊन थांबतं. म्हणून दोन्ही कमांड एकाच ‘रन’मध्ये जोडतात. त्यानं यादी आणि इन्स्टॉल यांची फारकत टळते. ती जोडलेली ओळसुद्धा कॅशमध्ये बसतेच, हे मात्र पुष्कळदा विसरलं जातं.

‘कॉपी’चा हिशेब निराळा आहे. तिथे फाइलच्या आतल्या मजकुराचा चेकसम पाहिला जातो. फाइल फक्त पुन्हा सेव्ह केली, तारीख बदलली, तर कॅश मोडत नाही. मजकुरातलं एक अक्षर बदललं तर मोडतो, आणि त्या टप्प्यातले पुढचे सगळे लेयर नव्यानं बांधले जातात. म्हणूनच ‘पॅकेज.जेसन’ आणि लॉकफाइल आधी कॉपी करायची, मग इन्स्टॉल, मग उरलेला कोड. संपूर्ण फोल्डर सुरुवातीलाच कॉपी केला, तर रीडमीमधला स्वल्पविराम बदलल्यावरही सगळी डिपेंडन्सी पुन्हा उतरवावी लागते.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. बिल्डरला बाहेरचं जग दिसत नाही, फाइल दिसते. म्हणून डिपेंडन्सीची आवृत्ती फाइलमध्ये लिहिलेली असली पाहिजे. लॉकफाइल कॉपी न करता नुसतं ‘एनपीएम इन्स्टॉल’ चालवलं, तर आवृत्ती बिल्डच्या क्षणी ठरते. ज्याच्या लॅपटॉपवर कॅश आहे त्याला जुनी मिळते, कॅश नसलेल्या सीआय मशीनला नवी. कमिट एकच, इमेज मात्र दोन वेगळ्या. ‘माझ्याकडे तर चालतंय’ या वादात दोघंही खरं बोलत असतात. लॉकफाइल आणि ‘एनपीएम सीआय’ वापरलं, की आवृत्ती बदलणं म्हणजे फाइल बदलणं होतं. ती बदलली की कॅश आपोआप मोडतो, आणि बदल रिव्ह्यूमध्ये सहकाऱ्यांच्या नजरेखालून जातो.

यावर कोणी म्हणेल, आवृत्ती बांधून ठेवली की सुरक्षा-पॅच अडकतात, त्यापेक्षा नेहमी ताजी आवृत्ती घ्यावी. पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसऱ्याला मार्च २०२४ चं एक्सझेड प्रकरण उत्तर देतं. एक्सझेड युटिल्सच्या ५.६.० आणि ५.६.१ या अगदी नव्या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी मुद्दाम मागचं दार ठेवलं होतं. पोस्टग्रेएसक्यूएलवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिन नेहमीपेक्षा हळू वाटलं, त्यांनी पाठपुरावा केला आणि ते उघड झालं. डेबियनची स्थिर आवृत्ती वापरणारे वाचले, चाचणी शाखेत असलेल्यांना धावपळ करावी लागली. उलट डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतली त्रुटी उघड झाली, तेव्हा २.१५.०, २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ अशा सुधारणा एकाच महिन्यात आल्या. तिथे थांबून राहणं धोक्याचं होतं. दोन्ही वेळी ज्यांना ‘आपल्याकडे नेमकी कोणती आवृत्ती आहे’ हे फाइल उघडून सांगता आलं, त्यांना पुढचं पाऊल लगेच ठरवता आलं. आवृत्ती बांधायची, आणि ती पुढे नेण्यासाठी रेनोव्हेट किंवा डिपेंडाबॉटसारखं साधन लावायचं. एकाशिवाय दुसरं अर्धवट राहतं.

एप्टच्या पॅकेजांना मात्र हा नियम सरसकट लावू नये. डेबियनच्या नेहमीच्या सर्व्हरवरून जुन्या आवृत्त्या काढल्या जातात, त्यामुळे नेमका आकडा लिहिलेली ओळ पुढचा पॅच येताच मोडू शकते. तिथे वितरणाची आवृत्ती पक्की करून ठरलेल्या दिवशी नव्यानं बिल्ड करणं अधिक व्यवहार्य.

त्या नव्या बिल्डसाठी ‘नो-कॅश’ पुरेसं आहे, हाही एक गैरसमज. त्यानं आपल्या सूचना पुन्हा चालतात, पण ‘फ्रॉम’मधली पायाभूत इमेज मशीनवर आधीच असेल, तर तीच वापरली जाऊ शकते. ‘पुल’ हा पर्यायही द्यावा लागतो. शिवाय ‘पायथन:३.१२-स्लिम’ हा टॅग कायमचा नाही. त्यामागची इमेज बदलत राहते. न बदलणारा असतो तो डायजेस्ट.

इमेज बांधून रजिस्ट्रीत ढकलली, की पॅच पोहोचला असं वाटतं. पण चालू कंटेनर जुन्याच इमेजवर चालत राहतात. कुबरनेटिसमध्ये टॅग ‘लेटेस्ट’ सोडून दुसरा कुठलाही असेल, तर नोडवर त्या टॅगची इमेज असताना ती पुन्हा उतरवायची नाही, हे मूळ धोरण आहे. म्हणजे त्याच टॅगखाली दुरुस्त इमेज ढकलून पॉड रीस्टार्ट केले, तरी त्या नोडवर जुनीच उठू शकते. त्यामुळे प्रत्येक बिल्डला वेगळा टॅग द्यावा, किंवा डिप्लॉयमेंटमध्ये थेट डायजेस्ट लिहावा, आणि रोलआउटनंतर चालू पॉडचा इमेज-आयडी रजिस्ट्रीतल्या डायजेस्टशी ताडून पाहावा.