जुना ग्राइंडर स्वस्तात मिळतोय? घेण्याआधी हा हिशेब करा



आपल्या सोलापुरात जुन्या मशिनरीला तोटा नाही. एखादा यंत्रमाग कारखाना बंद झाला की तिथल्या मोटारी, ड्रिल, ग्राइंडर भंगारात येतात. समजा, तुमचं फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे, दोन मिस्त्री आहेत, आणि धार लावायचा जुना ग्राइंडर 1,500 रुपयांत मिळतोय. घ्यायचा का? घ्या, पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : मशीन जुनं चालेल, व्हील जुनं चालणार नाही.

आधी पैशाचा हिशेब

आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे टाका. दोन मिस्त्री पटाशी आणि रंध्याच्या पात्याला हातानं धार लावण्यात रोज अर्धा-अर्धा तास घालवतात. मजुरी तासाला 100 रुपये धरली, तर रोज 100 रुपये गेले. ग्राइंडरनं यातला निम्मा वेळ वाचला, तर 25 दिवसांत 1,250 रुपये वाचतात. मशीन 1,500 आणि दुरुस्ती 2,000, म्हणजे 3,500 रुपये. तीन महिन्यांत वसूल!

पण दुरुस्ती 5,000 वर गेली तर? म्हणून माझा साधा नियम : जुन्याचा एकूण खर्च नव्या मशीनच्या 60 टक्क्यांवर जात असेल, तर सरळ नवीन घ्या.

घेताना काय बघायचं?

प्लग काढलेला असताना शाफ्ट हातानं फिरवा. खरखर आली तर बेअरिंग गेलंय, तो छोटा खर्च आहे. शाफ्ट वाकडा असेल किंवा बॉडीला तडा असेल, तर सोडून द्या. व्हीलवरचे गार्ड जागेवर हवेत. नेमप्लेट वाचा. कारखान्यातून आलेलं मशीन बहुतेक वेळा थ्री फेजचं असतं आणि तुमच्या गाळ्यात सिंगल फेज असते. हे घरी आणल्यावर कळलं, तर स्वस्त मशीन महाग पडतं.

दुरुस्तीचा क्रम

1. दोन्ही बेअरिंग बदला. नंबर जुन्या बेअरिंगच्या कडेवर कोरलेला असतो. दोन्ही बाजूंनी सीलबंद घ्या, म्हणजे धूळ आत जात नाही.
2. सिंगल फेज मोटार नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, तर आधी कॅपॅसिटरवर संशय घ्या. तो वीज साठवून ठेवतो, म्हणून हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.
3. वाइंडिंग आणि बॉडीमधलं इन्सुलेशन मेगरनं तपासून घ्या. एक मेगओहमपेक्षा कमी आलं, तर मशीन सुरू करू नका.
4. वायर नवी, तीन पिनांचा प्लग, आणि अर्थिंग पक्कं.
5. व्हीलचे नट खोलताना जपून. समोर उभं राहिलं की डाव्या हाताच्या नटाचे आटे सहसा उलटे असतात. जोर लावून ते खराब करू नका.

आता व्हील : इथे कंजूषपणा नको

200 मिलिमीटरचं व्हील मिनिटाला 2,880 फेऱ्या मारतं, तेव्हा त्याची कड ताशी जवळपास 109 किलोमीटर वेगानं धावते. त्या वेगात तडा गेलेलं व्हील फुटलं, तर तुकडे थेट चेहऱ्यावर. म्हणून व्हीलवर छापलेला कमाल आरपीएम मोटारीच्या आरपीएमपेक्षा जास्तच हवा. मोठं व्हील बसतंय म्हणून बसवायचं नाही.

नवं व्हीलसुद्धा तपासा. बोटावर लटकवा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं हलकेच ठोका. 'टण्ण' वाजलं तर चांगलं, 'थप्प' वाजलं तर बाद. बाजूचे कागदी वॉशर काढू नका, ते दाब सारखा पसरवतात. बसवल्यावर बाजूला उभं राहून एक मिनिट रिकामं चालवा. टूल रेस्ट आणि व्हीलमधली फट 3 मिलिमीटरपेक्षा जास्त नको.

पटाशीसाठी पांढरं ॲल्युमिनियम ऑक्साइडचं, 60 किंवा 80 ग्रिटचं व्हील घ्या. ड्रेसरनं त्याचं तोंड अधूनमधून साफ करा. बुजलेलं व्हील कापत नाही, नुसतं तापवतं. पोलाद निळं पडलं की त्या जागेची कडकपणा गेली, धार टिकणार नाही. म्हणून हलका हात, आणि शेजारी पाण्याचा डबा. पटाशीचा कोन साधारण 25 अंश ठेवा आणि शेवटची धार दगडावरच लावा.

दोन गोष्टी विसरू नका

पहिली, ठिणगी आणि भुसा एकत्र नको. ग्राइंडर रंधा मशीनपासून लांब, भुसा झाडलेल्या कोपऱ्यात ठेवा. डोळ्यांना गॉगल हवा, हातात मोजे नकोत.

दुसरी, मशीनची मर्यादा ओळखा. रंधा मशीनची लांब पाती हातानं धरून सरळ घासली जात नाहीत, आणि कार्बाइड दातांच्या करवतीला डायमंड व्हील लागतं. ही कामं बाहेर द्या. शेजारच्या मिस्त्रींच्या पटाश्यांना धार लावून द्यायचं काम मात्र तुम्ही घेऊ शकता. त्याचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवा, म्हणजे मशीननं किती कमावलं ते कळेल.

स्वस्त मिळालं म्हणून मशीन घेणारा गिऱ्हाईक असतो. किती दिवसांत वसूल होईल ते मोजून घेतो, तो उद्योजक. आज एकच काम करा : तुमच्याकडे धार लावण्यात रोज किती मिनिटं जातात, ते आठवडाभर लिहून ठेवा. मग मशीन बघायला जा.