तळ्याकाठचा शेजार

भोपाळच्या दक्षिण भागात शाहपुऱ्याचं तळं आहे. संध्याकाळी काठावर बंगल्यातले निवृत्त अधिकारी फिरत असतात आणि त्यांच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बायकांची मुलंही खेळत असतात. याच तळ्यात भोवतालच्या वसाहतींचं सांडपाणी वर्षानुवर्षं उतरत आलं आहे. इथली रहिवासी समिती आपलं फाटक, पहारेकरी, बागेतले दिवे सांभाळते. नाला मात्र फाटकाबाहेरून वाहतो. माणसं आपापल्या आवारात संघटित असूनही तळं कुणाचंच का होत नाही?

लोकशाहीच्या अभ्यासात हा प्रश्न जुना आहे. फ्रान्सचा अलेक्सी द तॉकव्हिल १८३१ मध्ये अमेरिकेत गेला. बारीकसारीक कामासाठीही मंडळ काढायची तिथल्या लोकांची सवय त्याला लोकशाहीचा कणा वाटली. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पटनम यांनी इटलीतल्या प्रादेशिक सरकारांचा वीस वर्षं मागोवा घेऊन १९९३ मध्ये तेच वेगळ्या रीतीने मांडलं. कायदा सगळीकडे सारखा होता, पण जिथे गायनमंडळं, फुटबॉल क्लब, सहकारी संस्था दाट होत्या तिथला कारभार बरा चालला.

आपल्याकडचा वाचक इथे अडखळतो, आणि अडखळायलाच हवं. आपल्याकडे सगळ्यात घट्ट विणलेली संघटना म्हणजे जात. आजच्या मध्य प्रदेशातल्या महूला जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांनी हे दुखणं नेमकं ओळखलं होतं. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात ते तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांच्याकडे शिकले. लोकशाही ही निव्वळ राज्यपद्धती नसून एकमेकांत मिसळून जगण्याची रीत आहे, हा ड्युईंचा विचार आंबेडकरांनी १९३६ मध्ये जातिनिर्मूलनाच्या मांडणीत आणला. म्हणूनच ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या गौरवगाथेवर कठोर टीका केली. गाव एकत्र नांदतं म्हणजे तिथे लोकशाही नांदते, असं त्यांना मान्य नव्हतं. ज्या विहिरीवर काहींना मज्जाव असतो ती विहीर गावाची कशी म्हणायची?

आपल्याच गटाला बांधणाऱ्या आणि गटांना एकमेकांशी जोडणाऱ्या संघटना वेगळ्या असतात. राज्यशास्त्राला या भेदाचा भक्कम पुरावा पुढे भारतातच मिळाला. आशुतोष वार्ष्णेय यांनी हिंदू-मुसलमान दंगली होणारी आणि न होणारी शहरं जोडीजोडीने ताडून पाहिली. २००२ च्या त्यांच्या पुस्तकाचा निष्कर्ष असा की धर्माच्या आत कितीही संस्था असल्या तरी शांततेची हमी मिळत नाही. व्यापारी संघ, कामगार संघटना, पक्षशाखा यांत दोन्ही धर्मांची माणसं एकत्र बसत असतील, तरच अफवा वाटेत अडते.

भिवंडीचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. १९७० आणि १९८४ मध्ये तिथे भीषण दंगली झाल्या. पुढे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू-मुसलमान शेजारी आणि ठाण्यातला पोलीस ठरलेल्या दिवशी एकत्र बसायचे आणि रोजची भांडणं तिथेच मिटवायचे. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्याच दिवसांत भोपाळमध्ये दंगल होऊन शंभराहून अधिक माणसं गेली. दोन शहरांतला फरक एकाच कारणाने पुरता उलगडणार नाही, पण भिवंडीत संकटाच्या आधीच ओळखी झालेल्या होत्या, हे विसरता येत नाही.

योगायोग असा की त्याच महिन्यात संसदेने शहरांच्या स्थानिक कारभाराविषयीची ७४ वी घटनादुरुस्ती मंजूर केली. तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत वॉर्ड समित्या बंधनकारक झाल्या, पण त्यांची घडण राज्यांवर सोडली गेली. बहुतेक शहरांत सामान्य नागरिकाला तिथे जेमतेम जागा मिळाली. ही चूक मला गंभीर वाटते. रहिवासी समितीत आपल्यासारखीच माणसं भेटतात. वॉर्डाच्या बैठकीत मात्र बंगलेवाला, भाजीवाला, मासेमारी करणारा आणि झोपडीत राहणारी बाई एका सतरंजीवर बसू शकतात. शाहपुऱ्यात अशी बैठक भरली, तर कुणाच्या आवारातून नाला सुटतो आणि कुणाच्या जाळ्यात मेलेला मासा येतो, हे दोघांना समोरासमोर बोलावं लागेल.