शेवटच्या रांगेपर्यंत शब्द

'नाटक उत्तम, पण तिथे आवाज फार घुमतो.' गावोगावच्या सभागृहांबद्दल आपण हे इतक्या सहजपणे बोलतो, की घुमणं हा जणू त्या वास्तूचा जन्मजात स्वभावच वाटावा. तसं ते नाही. आवाज किती घुमतो ते मोजता येतं, का घुमतो ते सांगता येतं आणि बहुतेक वेळा ते कमीही करता येतं. ही विद्या सव्वाशे वर्षांची आहे आणि तिचा जन्म एका फसलेल्या सभागृहातच झाला.

१८९५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालय उघडलं. त्याच्या व्याख्यानगृहात कुणी बोलू लागलं की शब्दावर शब्द चढायचे. उच्चारलेला आवाज साडेपाच सेकंद रेंगाळायचा. तेवढ्या वेळात अगदी सावकाश बोलणाराही बारा-पंधरा अक्षरं पुढे गेलेला असायचा. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी यावर उपाय शोधायचं काम वॉलेस क्लेमंट सबीन या भौतिकशास्त्राच्या तरुण प्राध्यापकाकडे सोपवलं.

सबीन यांच्याकडे ऑर्गनची एक नळी, वेळ नोंदवायचं साधन आणि स्वतःचे कान एवढंच भांडवल होतं. रस्ता शांत हवा म्हणून ते मध्यरात्रीनंतर काम करत. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बैठकींवरच्या गाद्या आणायच्या, थोड्या मांडायच्या, नळी वाजवून थांबवायची आणि आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ टिपायचा. मग आणखी गाद्या मांडायच्या, पुन्हा टिपायचं. सकाळी सगळ्या गाद्या जागच्या जागी परत. रिकाम्या दालनात ५.६२ सेकंद भरले होते. सगळ्या गाद्या पसरल्यावर १.१४. आपल्या अंगावरच्या कपड्यांनीही मोजमाप बदलतं हे ध्यानात आल्यावर त्यांनी आधीच्या नोंदी बाद केल्या आणि पुढे प्रयोगाला ठरावीक कपडेच घालायला सुरुवात केली.

१८९८ मध्ये त्यांना या आकड्यांमागचं सूत्र सापडलं. आवाजाच्या शोषणाचं माप त्यांनी उघड्या खिडकीवरून घेतलं. खिडकीबाहेर गेलेला आवाज परत येत नाही. म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे शोषणाचं एक एकक. दालनाच्या घनफळाला ०.१६१ ने गुणायचं आणि एकूण शोषणाने भागायचं. येतो तो निनादकाल, म्हणजे आवाज थांबल्यावर त्याची तीव्रता दहा लाखांश व्हायला लागणारा वेळ.

हे गणित कुठल्याही नगरपालिकेच्या अभियंत्याला कागदावर मांडता येईल. समजा, नाट्यगृहाचं घनफळ ४,००० घनमीटर आहे आणि प्रेक्षक धरून शोषण ४०० एकक. निनादकाल १.६१ सेकंद आला. संवादांसाठी तो एक सेकंदाच्या आसपास हवा, म्हणजे शोषण ६४४ हवं. कमी पडतात २४४ एकक. आवाजाचा ८० टक्के भाग शोषणारं अस्तर निवडलं तर सुमारे ३०५ चौरस मीटर लागेल. ठेकेदाराने काय आणि किती लावायचं, हे काम सुरू होण्याआधीच ठरलं.

मात्र सगळाच निनाद शत्रू नाही. मोठ्या वाद्यवृंदाला दोन सेकंदांच्या आसपासचा निनाद लागतो, नाहीतर सूर कोरडे पडतात. सबीन यांच्या सल्ल्याने बांधलेला बोस्टनचा सिम्फनी हॉल १५ ऑक्टोबर १९०० रोजी उघडला. वाद्यवृंदासाठी जगातल्या सर्वोत्तम सभागृहांत त्याची आजही गणना होते. संवादाला मात्र पहिले परावर्तित ध्वनी लवकर पोचायला हवेत. थेट आवाजामागून ५० मिलिसेकंदांच्या आत जे येतं ते शब्दाला बळ देतं. ३० मीटर दूरच्या सपाट मागच्या भिंतीवर आपटून रंगमंचाकडे परतलेला आवाज मात्र सुमारे १७५ मिलिसेकंद उशिरा येतो आणि नटाला व पुढच्या रांगांना स्पष्ट प्रतिध्वनी ऐकू येतो.

म्हणूनच तपासणी करणारा माणूस एका जागी बसून मत देत नाही. बारा तोंडांचा स्पीकर रंगमंचावर ठेवून खालच्या पट्टीपासून वरपर्यंत चढत जाणारा सूर सोडतात आणि वेगवेगळ्या रांगांत, बाल्कनीच्या छताखालीही, मायक्रोफोन लावून नोंद घेतात. खर्ज, मध्य आणि तार अशा निरनिराळ्या पट्ट्यांत निनाद वेगळा मोजतात. शब्द किती स्पष्ट कळतात याचा शून्य ते एक असा निर्देशांक काढतात; ०.६ च्या वर असेल तर चांगलं. वातानुकूलन चालू ठेवून त्याची घरघरही मोजतात, कारण हळू आवाजातला संवाद पुष्कळदा तीच गिळते.

उपाय या नोंदींवरून ठरतात. नुसते पडदे आणि गालिचे लावले तर तार सूर शोषले जातात, खर्ज तसाच राहतो. मग बोलणं दबकं होतं आणि डग्गा मात्र गडगडत राहतो. खर्ज शोषण्यासाठी भिंत आणि फळीमध्ये पोकळी सोडून आत काचलोकर भरावी लागते. मागची भिंत शोषक किंवा खडबडीत करतात. रंगमंचाजवळचं छत मात्र कठीणच ठेवायचं, कारण मागच्या रांगांना आवाज तेच पोचवतं. खुर्च्यांची गादी चांगली असेल तर रिकाम्या आणि भरलेल्या प्रयोगात फार फरक पडत नाही.

या विद्येचं ऐकलं नाही तर काय होतं, ते न्यूयॉर्कने अनुभवलं. १९६२ साली उघडलेल्या फिलहार्मोनिक हॉलच्या आराखड्यात आसनं वाढवण्यासाठी बदल झाले आणि आवाज बिघडला. अखेर १९७६ मध्ये सिरिल हॅरिस यांच्या मार्गदर्शनाखाली आतलं सभागृह नव्याने बांधावं लागलं. याच हॅरिस यांनी मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रातल्या टाटा थिएटरचं ध्वनिनियोजन केलं. वास्तुरचनाकार होते फिलिप जॉन्सन. १९८० साली उघडलेलं, हजारभर आसनांचं हे थिएटर आपलं संगीत माइकशिवाय ऐकता यावं याच हेतूने आखलं गेलं.

संगीत नाटकांच्या काळात गायक नट माइकशिवाय सगळं थिएटर भरून टाकत. आज माइक आहे, पण घुमणाऱ्या दालनात माइक लावला की घुमणंच मोठं होतं. नूतनीकरणात रंग, खुर्च्या, दिवे आणि वातानुकूलन यांचे आकडे निविदेत असतात. निनादकाल किती असावा आणि काम संपल्यावर तो किती भरला, हे दोन आकडेही त्यात असायला हवेत. दुसरा आकडा ठरल्याप्रमाणे येईपर्यंत शेवटचं बिल देऊ नये. शेवटच्या रांगेतला प्रेक्षकही तिकीट काढूनच आलेला असतो, आणि तो नाटक ऐकायलाच आलेला असतो.