बिदरीचा काळा

बिदरीची सुरई पाहिली की लोक चांदीच्या वेलबुट्टीचं कौतुक करतात. ते रास्तच आहे. पण माझ्या मते बिदरीची खरी करामत तिच्या काळ्या रंगात आहे, आणि हा काळा कारागिराला एकदा नव्हे, दोनदा आणावा लागतो.

उदगीर ओलांडून कर्नाटकात शिरलं की बिदर दूर नाही. पंधराव्या शतकात बहमनी सुलतानांनी गुलबर्ग्याहून राजधानी इथे हलवली, आणि या गावाचंच नाव या कलेला मिळालं. भांडं जस्ताचं, साधारण सोळा भाग जस्ताला एक भाग तांबं. मातीत एरंडेल आणि राळ कालवून साचा करतात, त्यात ते ओततात. कानशीने घासलेलं भांडं राखाडी, निस्तेज दिसतं. त्यावर मोरचुदाचं पाणी फिरवलं की ते काळं पडतं. हा पहिला काळा, कच्चा, फक्त चित्र रेखाटण्यापुरता. पोलादी टोकाने ओढलेली रेघ त्यावर उजळ उमटते. मुरलेला नक्षीकार छाप वापरत नाही. सुरईच्या गोलाईवर अशरफी बुट्टी किंवा खसखशीचं फूल तो थेट हाताने काढतो. पोटाकडे बुट्टी मोठी, मानेकडे बारीक. हे माप नजरेतच असतं.

मग छिन्नी चालते. रेघेची खाच होते, खाचेत शुद्ध चांदीची मऊ तार ठोकून बसवतात. ही तारकशी. तारेऐवजी पत्र्याचे तुकडे बसवले तर ते तहनिशान. जडाव झाला की पुन्हा घासणं, आणि त्यात तो कच्चा काळा पार निघून जातो. या टप्प्यावर भांडं जवळून पाहावं: राखाडी जस्तात पांढरी चांदी जेमतेम वेगळी कळते. कित्येक दिवसांचं काम जणू पुसलं गेलेलं असतं. नक्षी कशी उठून दिसेल, हे त्या घडीला फक्त कारागिराच्या मनात असतं.

दुसरा काळा पक्का. बिदरच्या किल्ल्यात जिथे वर्षानुवर्षं ऊन-पाऊस पोचलेलं नाही, तिथली जुनी माती कारागीर आणतात, आणि ती पारखतात जिभेवर ठेवून. नवसागराच्या पाण्यात ती उकळून तापल्या भांड्याला लावली की जस्त काळंभोर होतं, चांदीला मात्र काही होत नाही. ही किमया जस्तात मिसळलेल्या तांब्याची. निव्वळ जस्त असा रंग धरत नाही. शेवटी तेलाचा हात फिरवला की तो काळा खोल दिसू लागतो.

बिदरचे शाह रशीद अहमद कादरी हे काम वडिलांकडून शिकले. 2023 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या सन्मानाने बिदरीकडे लोकांचं लक्ष गेलं, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र बाजारात आज की-चेनसारख्या किरकोळ वस्तूच जास्त दिसतात, आणि इतक्याशा जागेत वेल फिरायला वावच उरत नाही. जमेल त्याने एखादी मोठी सुरई किंवा थाळी घ्यावी. तारकशीची असेल तर घेण्यापूर्वी नक्षीवरून बोट फिरवावं. चांगल्या कामात तार कुठे सुरू होते आणि जस्त कुठे संपतं, हे बोटाला कळत नाही.