आठ तारांचा पहिला धडा

संगणकांचं जाळं कसं चालतं, हे फळ्यावरच्या आकृतीपेक्षा हातातली केबल जास्त चांगलं शिकवते. नेटवर्किंगच्या प्रयोगशाळेत सुरुवात बहुधा तिच्यापासूनच होते. वरचं आवरण सोलायचं, आतल्या आठ तारा सरळ करायच्या आणि ठरलेल्या क्रमानं लावायच्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. मग कनेक्टरमध्ये सरकवून क्रिम्पिंग टूलनं घट्ट दाबायच्या.

या तारा जोडीजोडीनं पिळलेल्या का असतात? पिळामुळे बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो. पलीकडचं यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा मोजतं, त्यामुळे गोंगाट वजा होऊन जातो. म्हणूनच टोकाशी पीळ गरजेपुरताच सोडायचा.

आता दोन संगणक स्विचला जोडा. एकाला १९२.१६८.१.१० आणि दुसऱ्याला १९२.१६८.१.२० असा पत्ता द्या. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. पहिल्यावरून दुसऱ्याला ‘पिंग’ करा. माइक मूस यांनी १९८३ मध्ये लिहिलेला हा छोटा प्रोग्राम आजही रोज वापरला जातो. उत्तर आलं, म्हणजे वाट मोकळी आहे.

मग दुसऱ्याचा पत्ता मुद्दाम १९२.१६८.२.२० करा. केबल तीच, स्विचचा दिवाही लुकलुकतोय, पण उत्तर येत नाही. कारण शेजारचा संगणक आता दुसऱ्या जाळ्यातला ठरला. तिथं पोचायला राउटर हवा.

शिक्षकांनो, प्रत्येक प्रयोगात असा एखादा बिघाड जरूर ठेवा. स्वतः शोधून काढलेली चूक विद्यार्थी सहसा विसरत नाहीत.