‘मला घरी जायचंय’ : स्मृतिभ्रंशाच्या घरात सांभाळणाऱ्याला कोण सांभाळणार?

बंगळुरू : दिवेलागणीची वेळ झाली की व्हाइटफील्ड किंवा सर्जापूर रस्त्यावरील एखाद्या उंच इमारतीतल्या घरात एक संवाद रोज घडतो. सांगली-साताऱ्याकडून नोकरदार मुलाकडे राहायला आलेली पंच्याहत्तरीची आई पिशवी भरून दारापाशी येऊन उभी राहते. ‘मला घरी जायचंय.’ सून सांगते, ‘आई, हेच आपलं घर.’ आईला ते पटत नाही. तिचा आवाज चढतो, सूनही वैतागते, आणि ऑफिसातून परतणाऱ्या मुलाला दारातच रडारड ऐकू येते. हे घर कोणा एकाचे नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाबरोबर जे राहतात, त्यांतील बहुतेकांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल.

संध्याकाळच्या या अस्वस्थतेला वैद्यकशास्त्रात कारणे आहेत. दिवसभराचा शीण, मावळता उजेड, भिंतीवर लांबत जाणाऱ्या सावल्या आणि मेंदूतील झोप-जागेचे बिघडलेले घड्याळ यांचा तो एकत्रित परिणाम असतो. आई ज्या घराची आठवण काढते ते पुष्कळदा पन्नास वर्षांपूर्वीचे असते; कदाचित माहेरचे, आता पाडलेलेही असेल. तिला पत्ता नको असतो, ओळखीची जागा हवी असते. म्हणून तिथे वाद घालून उपयोग होत नाही. ‘जाऊ या, आधी चहा घेऊ’ असे म्हणून दिवे लवकर लावले, हातात निवडायला भाजी दिली, तर बऱ्याचदा वादळ ओसरते. हे जमते, परंतु ते रोज जमवावे लागते. एक माणूस वर्षानुवर्षे रोज ते कसे जमवणार, हा या आजारातील सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न आहे.

मराठीत या अवस्थेला जुना शब्द आहे : म्हातारचळ. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हणही आहे. या दोहोंनी आपले मोठे नुकसान केले, असे म्हणावे लागेल; कारण त्यांमुळे आजार हा वयाचा स्वभाव ठरला आणि डॉक्टरकडे जायला दोन-तीन वर्षांचा उशीर होणे साहजिक मानले गेले. ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द अधिक सभ्य असला तरी तोही अपुराच. या विकारात केवळ स्मरण जात नाही. निर्णयशक्ती, दिशेचे भान, शब्द, हिशेब आणि कालांतराने स्वभावही बदलतो. आयुष्यभर सोवळ्याओवळ्यात राहिलेले आजोबा शिवी देऊ लागतात. सासूला दागिने चोरीला गेल्याचा संशय येतो आणि तो नेमका तिची शुश्रूषा करणारीवरच येतो.

अनेक रोग या एका नावाखाली येतात. त्यांतील सर्वाधिक आढळणारा अल्झायमर. त्याखालोखाल मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील बिघाडामुळे होणारा प्रकार, ज्यामागे उच्च रक्तदाब आणि मधुमेह असतात. मात्र निदान करताना आधी इतर शक्यता तपासाव्या लागतात. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य आणि काही औषधांचे दुष्परिणाम स्मृतिभ्रंशासारखेच दिसतात आणि ते उपचाराने सुधारू शकतात. शाकाहारी घरांत ब-१२ची तपासणी विशेष महत्त्वाची. खऱ्या स्मृतिभ्रंशात सध्या वापरात असलेली नेहमीची औषधे लक्षणे काही काळ सौम्य करतात, रोग मागे फिरवत नाहीत. म्हणजे उपचाराचा मोठा भाग घरातील माणसांच्याच हाती उरतो.

साठीपुढील भारतीयांच्या मेंदूच्या आरोग्याची देशव्यापी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज त्यात मांडला आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आढळले. हा केवळ महानगरी आजार आहे, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील मेंदू संशोधन केंद्राने म्हणूनच कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर तालुक्याची गावे निवडली असून, ४५ वर्षांवरील सुमारे दहा हजार ग्रामस्थांचा दीर्घकाळ पाठपुरावा करण्याचे तेथे योजिले आहे. ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४च्या अहवालानुसार जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश, तत्त्वतः, बदलता येण्याजोग्या १४ कारणांशी निगडित आहे. त्यांत शिक्षणाचा अभाव, रक्तदाब, एकाकीपणा आणि ऐकू कमी येणे यांचा समावेश होतो. श्रवणयंत्राला ‘आता या वयात कशाला’ म्हणणाऱ्यांनी शेवटची बाब लक्षात घ्यावी.

आता सांभाळणाऱ्याकडे वळू. १९०१ साली जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात आउगुस्टे डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. तिला तपासणारे डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी तिच्या मृत्यूनंतर, १९०६ साली, तिच्या मेंदूतील बदल जगापुढे मांडले आणि रोगाला पुढे त्यांचे नाव मिळाले. तिला रुग्णालयात आणले होते ते रेल्वेत कारकून असलेल्या तिच्या पतीने, घरी तिला सांभाळणे अशक्य झाल्यामुळे. वैद्यकाच्या इतिहासात डॉक्टर राहिले, रुग्ण राहिली. पतीची नोंद एखाद्या ओळीपुरती. सव्वाशे वर्षांनंतरही घरोघरी चित्र फारसे निराळे नाही. तपासणीच्या खोलीत सारे प्रश्न रुग्णाविषयी विचारले जातात. सोबत आलेल्या बाईला ‘तुम्ही रात्री किती तास झोपता?’ असे कोणी विचारत नाही.

‘बाई’ हा शब्द हेतुपुरस्सर योजला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या शुश्रूषेचे सुमारे ७० टक्के तास स्त्रियांच्या वाट्याला येतात. या आजाराच्या जागतिक खर्चापैकी जवळपास निम्मा भार हा घरच्यांनी विनामोबदला केलेल्या शुश्रूषेचा आहे. भारतात ती पत्नी असते, मुलगी असते आणि फार वेळा सून असते. तिची पाठदुखी, तुटलेली झोप, सोडून दिलेली नोकरी, बंद झालेले माहेरी जाणे यांचा हिशेब कोणत्याही बिलात दिसत नाही. त्यातच ‘आपण चिडलो’ याची टोचणी. अमेरिकेतून व्हिडिओ कॉल करणारा दीर सांगतो, ‘आई तर छान बोलली माझ्याशी.’ तो खोटे बोलत नसतो. अनोळखी किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसापुढे रुग्ण दहा मिनिटे सारी शक्ती एकवटून नीट वागतो. फोन ठेवल्यावरची रात्र दिराला दिसत नाही. लांबच्या नातलगांनी आठवडाभर येऊन राहावे आणि ती जबाबदारी एकट्याने पार पाडावी, यासारखा पुरावा नाही, आणि यासारखी मदतही नाही.

ही दुसरी बाजू ओळखणाऱ्या संस्था बंगळुरूत तुलनेने लवकर उभ्या राहिल्या. डॉ. राधा एस. मूर्ती आणि एस. प्रेमकुमार राजा यांनी १९९८ साली नाइटिंगेल्स मेडिकल ट्रस्टची स्थापना केली. २००२ मध्ये शहर पोलिसांच्या साह्याने ज्येष्ठांसाठी १०९० ही हेल्पलाइन सुरू झाली आणि २०१० मध्ये कस्तुरीनगर येथे वार्धक्य व अल्झायमर यांसाठीचे निवासी केंद्र उभे राहिले. त्याआधी, १९९२ साली, केरळमध्ये डॉ. जेकब रॉय कुरियाकोस यांनी अल्झायमर आणि तत्सम विकारांसाठीची देशव्यापी संस्था काढली होती. तिच्या शाखा पुढे अनेक शहरांत निघाल्या. निम्हान्समध्ये निदान होते आणि कुटुंबीयांना समुपदेशनही मिळते. शुश्रूषा करणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेल्या ‘आयसपोर्ट’ या स्वयंअध्ययन कार्यक्रमाचे भारतीय रूप सिद्ध करण्यातही निम्हान्सच्या संशोधकांचा वाटा आहे.

या सर्व सोयींत सामान्य कुटुंबाला सर्वाधिक उपयोगी पडू शकते ते दिवसाचे देखभाल केंद्र. सकाळी रुग्णाला तेथे सोडायचे, संध्याकाळी परत आणायचे. तेथे गाणी होतात, चित्रे रंगवली जातात, थोडे चालणे होते. रुग्ण दमून घरी येतो आणि रात्री बरा झोपतो. घरच्या माणसाला सहा-सात तास मिळतात. आपल्याकडे याला ‘टाकून येणे’ म्हटले जाते. बालवाडीत मूल सोडणाऱ्या आईला असे कोणी म्हणत नाही. खरी अडचण नैतिक नसून अंतराची आहे : बंगळुरूच्या वाहतुकीत दीड तास गाडीत अडकलेला रुग्ण केंद्रावर पोहोचेपर्यंतच कावलेला असतो. अशी केंद्रे मोजकी व लांब असण्याऐवजी लहान व जवळ हवीत.

परप्रांतात राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे आणखी एक पेच असतो, तो भाषेचा. स्मृती उतरणीला लागली की साधारणपणे मागाहून शिकलेली भाषा आधी निसटते. तीस वर्षे बंगळुरूत नोकरी केलेले गृहस्थ आधी कन्नड विसरतात, मग इंग्रजी. उरते ती कोल्हापूरची मराठी. त्याच वेळी घरात मदतीला येणारी व्यक्ती कन्नड, तेलुगू किंवा ओडिया बोलणारी असते. रुग्ण ‘लघवीला’ म्हणतो, तिला कळत नाही, कपडे ओले होतात आणि दोघेही अपमानित होतात. हेच बहुभाषकत्व दुसऱ्या बाजूने उपकारकही ठरते. डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादेत ६४८ रुग्णांचा अभ्यास केला व तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली होती, निरक्षरांतही. डॉ. अल्लादी आता निम्हान्समध्ये आहेत.

भाषेच्या पेचावर उपाय साधा आहे. रोजच्या वापरातील वीस-पंचवीस शब्द (पाणी, भूक, दुखतंय, लघवी, नको, गरम, थंडी) मदतनिसाच्या लिपीत कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावावेत. कन्नड येणाऱ्या मदतनिसाचे काम थोडे सोपे : तिची ‘अज्जी’ ही आपल्या ‘आजी’च्या इतकी जवळची आहे की हाक ऐकून आजी मान वळवतेच. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात, हत्तीच्या मागे चालत निघून गेलेल्या संस्कृतच्या वृद्ध पंडिताला, मोहन आगाशे यांनी साकारलेल्या चक्रपाणी शास्त्रींना, माहुताची कन्नड बोलणारी बायको जेवू घालते. तिला तो रोग ठाऊक नाही आणि त्यांची विद्वत्ताही. अमृता सुभाष यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

कागदपत्रांबाबत कोणी वेळेवर बोलत नाही. पुष्कळ कुटुंबे वडिलांकडून मुखत्यारपत्र करून घेतात आणि निश्चिंत होतात. परंतु भारतीय करार कायद्याच्या २०१व्या कलमानुसार, अधिकार देणाऱ्याची मानसिक क्षमता संपली की तो अधिकारही संपतो. नेमका ज्या दिवसासाठी कागद केला, त्या दिवशी तो निकामी होतो. म्हणून निदान झाल्यावर, रुग्णाला व्यवहार समजतो तोवरच मृत्युपत्र करावे, बँक खाती संयुक्त करावीत आणि नामनिर्देशन तपासावे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ अन्वये आपल्यावर कसे उपचार व्हावेत याचे आगाऊ निर्देश देता येतात व प्रतिनिधीही नेमता येतो. यांत रुग्णाच्या मालमत्तेवर डोळा ठेवल्यासारखे काही नाही. उलट, जोवर त्याचा शब्द चालतो तोवर तो विचारण्याचा हा मान आहे.

पैशाची मदत तुटपुंजी आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान भारत योजनेत वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण २०२४पासून मिळते, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. स्मृतिभ्रंशाचा खर्च असतो मदतनिसाचा, डायपरचा आणि बुडालेल्या पगाराचा. आयकराच्या जुन्या पद्धतीत विशिष्ट आजारांच्या उपचारखर्चावरील वजावटीसाठी स्मृतिभ्रंशाचाही समावेश होता. मात्र त्यासाठी ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व आणि तज्ज्ञ डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते.

राहिला प्रश्न हरवण्याचा. दाराला वरच्या बाजूस कडी, कपड्याच्या आत शिवलेला फोन क्रमांक, सोसायटीच्या पहारेकऱ्याला दाखवून ठेवलेले छायाचित्र एवढी तयारी पहिल्या भटकंतीच्या आधी हवी. शेजाऱ्यांना सांगायला लाजू नये. लपवलेल्या आजाराचा माणूस फाटकातून बाहेर पडला तर त्याला कोणीही अडवत नाही. हरवल्यास चोवीस तास थांबण्याचे कारण नाही, पोलिसांना तत्काळ कळवावे. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय एल्डरलाइन १४५६७ या क्रमांकावर आहे. मन खचलेल्यांसाठी, निम्हान्सच्या समन्वयाने चालणारी टेली-मानस सेवा १४४१६ वर रात्रंदिवस उपलब्ध असते. तो दूरध्वनी रुग्णासाठीच करावा असे नाही. रात्री तीन वाजता सासूला चौथ्यांदा अंथरुणावर परत निजवून आलेल्या सुनेनेही तो स्वतःसाठी करावा.